कन्व्हेयर बेल्टमधले सेन्सर लूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात, म्हणजे आपल्या बोलीत सीएचपीत, काम करायला लागल्यापासून मला बेल्टविषयी जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कशाविषयी येत नाहीत. त्यांतला एकच विषय इथे घेतला आहे: बेल्टच्या आत बसवलेले सेन्सर लूप आणि त्यांच्यामुळे उभी चीर कशी पकडली जाते. शिफ्ट इन्चार्ज, फिटर, डिप्लोमाची मुलं आणि खरेदी विभागातली माणसं यांनी विचारलेले हे प्रश्न आहेत, बहुतेक त्यांच्याच शब्दांत. एकच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेल्ट उभा फाटतो म्हणजे नक्की काय होतं? रबर तर चांगलं जाडजूड असतं.

कोळशाबरोबर एखादी सळई येते. च्यूटमधून, म्हणजे माल बेल्टवर सोडणाऱ्या उतरत्या नळीतून, पडताना तिचं एक टोक बेल्टमधून आरपार घुसतं आणि दुसरं टोक च्यूटला किंवा खालच्या आयडलरच्या (बेल्टला आधार देणाऱ्या रोलरच्या) फ्रेमला अडकतं. सळई आता जागची हलत नाही, बेल्ट मात्र सेकंदाला ४ मीटरने पुढे सरकत राहतो. कापडवाला थानाला कात्रीने जरासा काप देतो आणि मग दोन्ही हातांनी टरकन फाडतो, अगदी तसं होतं. कठीण असतो तो पहिला काप. पुढची चीर आपोआप जाते.

स्टील कॉर्ड बेल्टला हा धोका सर्वांत जास्त. त्याच्या पोटात पोलादी दोऱ्या असतात, पण त्या सगळ्या लांबीच्या दिशेने. विणकराच्या भाषेत सांगायचं तर नुसता ताणा, बाणा नाहीच. एसटी २००० या बेल्टची ताकद रुंदीच्या प्रत्येक मिलिमीटरला २,००० न्यूटन असते, म्हणजे १,२०० मिलिमीटर रुंदीचा बेल्ट लांबीच्या दिशेने सुमारे २४५ टनांचा ताण सोसून मग तुटेल. त्याच बेल्टच्या दोन दोऱ्यांच्या मधे फक्त रबर असतं, आणि सळई नेमकी त्या रबरातून वाट काढते.

२. सेन्सर बेल्टच्या आत असतो म्हणजे आत सर्किट असतं का? बॅटरी कोण बदलणार?

साध्या लूपमध्ये सर्किटही नसतं आणि बॅटरीही नसते. बेल्टच्या रुंदीत आडवं घातलेलं ते लवचीक तारेचं बंद वेटोळं असतं. बेल्ट बनवतानाच ते रबरात बसवतात. बेल्टला जोड देताना रबर साधारण १४५ अंश सेल्सिअसला दाबाखाली पिकवावं लागतं, आणि चालू झाल्यावर तोच बेल्ट प्रत्येक पुलीवर वाकतो, दिवसातून शेकडो वेळा. बॅटरी असलेली कोणतीही वस्तू तिथे फार काळ टिकणार नाही. म्हणून शहाणपणाची सगळी यंत्रणा बाहेर, जमिनीवर ठेवतात आणि बेल्टच्या पोटात जे जातं ते शक्य तितकं साधं ठेवतात. चिप असलेल्या प्रकाराबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. मग लूप तुटला हे बाहेरच्या पेटीला कळतं कसं?

बेल्टखाली एका कडेला ट्रान्समीटर असतो आणि दुसऱ्या कडेला रिसीव्हर. ही जोडी म्हणजेच डिटेक्टर. दोघांचाही बेल्टला स्पर्श होत नाही. ट्रान्समीटर सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. लूप त्याच्यावरून जाताना त्यात वीज प्रवर्तित होते आणि तारेतून दुसऱ्या कडेपर्यंत वाहते. तिथे रिसीव्हरला ती जाणवते आणि पॅनेलला, म्हणजे बाहेरच्या पेटीला, एक ठोका मिळतो. लूप गेला की ठोका, पुढचा लूप गेला की पुन्हा ठोका.

बेल्टला चीर पडली की तिच्या वाटेतली तार कापली जाते. असा लूप ट्रान्समीटरवरून गेला तरी ठोका येत नाही. रात्रीचा पहारेकरी ठरलेल्या वेळी शिट्टी वाजवतो तोवर घरमालक निर्धास्त झोपतो, शिट्टी आली नाही की उठून बसतो. ही यंत्रणा त्याच तत्त्वावर चालते. याचा मोठा फायदा असा की ट्रान्समीटर जळाला, केबल तुटली किंवा रिसीव्हर निखळला, तरी ठोका थांबतो आणि बेल्ट उभा राहतो. यंत्रणा स्वतः बिघडली तरी गप्प बसत नाही.

ठोका कधी यायला हवा हे पॅनेलला बहुधा वेळेवरून नाही तर अंतरावरून कळतं. एखाद्या पुलीवर फेरे मोजणारा सेन्सर असतो. तो ड्राइव्ह नसलेल्या, म्हणजे मोटर न जोडलेल्या, पुलीवर बसवावा, कारण ड्राइव्ह पुलीवर बेल्ट घसरला तर मोजमाप खोटं ठरतं.

४. दोन लूपमध्ये किती अंतर असावं? ५० मीटर की १०० मीटर?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून हिशोब नीट मांडतो. वाईटात वाईट प्रसंग धरा: एक लूप लोडिंग पॉइंट (जिथे माल बेल्टवर पडतो ती जागा) ओलांडून पुढे गेला आणि त्याच क्षणी सळई घुसली. पुढचा लूप सळईपर्यंत येईस्तोवर दोन लूपमधलं पूर्ण अंतर चिरलं जाणार. कापलेला लूप सळईपासून डिटेक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत तेवढं आणखी. ठोका खरंच आला नाही याची खात्री करायला पॅनेल थोडी मुभा ठेवतं, ती आणखी. आणि मोटर बंद झाल्यावर बेल्ट थांबेपर्यंत सरकेल ते शेवटचं.

आता आकडे घालू. बेल्टचा वेग ४ मीटर प्रति सेकंद. लूपमधलं अंतर ५० मीटर. सळई जिथे अडकली तिथून डिटेक्टर ८ मीटर पुढे. मुभा २ मीटर. बेल्ट थांबायला १२ सेकंद, म्हणजे एकसारखा वेग कमी होत गेला तर २४ मीटर. बेरीज ८४ मीटर. लूप १०० मीटरवर असते तर १३४ मीटर. आणि काही नसतंच, शिफ्टमधल्या कोणाच्या तरी नजरेला तीन मिनिटांनी पडलं असतं, तर थांबेपर्यंतचं अंतर न धरताही ७२० मीटर.

या हिशोबात बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी एक गोष्ट सेटिंगमध्ये असते. खोटे ट्रिप, म्हणजे कारण नसताना बेल्ट थांबणं, नकोत म्हणून काही ठिकाणी 'लागोपाठ दोन लूप चुकले तरच बेल्ट थांबव' असं ठेवतात. तसं केलं की लूपमधलं अंतर हिशोबात दुप्पट होतं. ५० मीटरचे लूप विकत घेऊन तुम्ही १०० मीटरचं संरक्षण वापरत असता. तुमच्या पॅनेलवर काय ठेवलं आहे ते आजच पाहून घ्या.

५. फाटल्यावर कळून काय उपयोग? आधी कळायला हवं ना?

लूप पहिलं भोक थांबवत नाही, हे खरंच आहे आणि विकणाऱ्यानेही ते स्पष्ट सांगायला हवं. लूपचं काम चिरेची लांबी आवरण्याचं. ८४ मीटरची चीर म्हणजे एक तुकडा काढून नवा घालायचा, दोन जॉइंट मारायचे आणि काही दिवसांत लाइन सुरू करायची. दीड किलोमीटरची चीर म्हणजे नव्या बेल्टची ऑर्डर, आणि तो येईपर्यंत बंकरकडे, म्हणजे कोळशाच्या साठ्याच्या टाकीकडे, बघत बसायचं. पहिलं भोकच पडू नये यासाठी काय करायचं ते पुढच्या उत्तरात.

६. आमच्याकडे मॅग्नेटिक सेपरेटर आहे, मेटल डिटेक्टरही आहे. मग लूपची गरज काय?

दोन्ही हवेतच, पण दोघांच्याही हातून माल निसटतो. चुंबक साधं लोखंड आणि पोलाद उचलतो. शॉव्हेलच्या बकेटचे दात आणि क्रशरचे हॅमर मात्र अनेकदा मँगनीज पोलादाचे असतात. ठोके बसतील तसं ते आणखी कठीण होतं, म्हणून तिथे वापरतात, आणि ते चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे जो तुकडा बेल्टचं सर्वांत जास्त नुकसान करील, तोच सेपरेटरखालून निवांत निघून जातो. मेटल डिटेक्टर धातूची विद्युतवाहकता ओळखतो, त्यामुळे मँगनीज पोलाद त्याला सापडतं. पण त्याने बेल्ट थांबवल्यावर तो तुकडा कोणीतरी खाली उतरून शोधावा लागतो. घाईत संवेदनशीलता कमी करून ठेवलेले डिटेक्टर मी बरेच पाहिले आहेत.

शिवाय बेल्ट फाडणारी प्रत्येक गोष्ट धातूची नसते. लांबट शेल दगड च्यूटमध्ये उभा अडकला तरी पुरे. कधी बेल्टचा शत्रू बाहेरून येतच नाही: च्यूटच्या आतल्या लायनर प्लेटचा बोल्ट सुटतो आणि प्लेट खाली लोंबते, किंवा आयडलरचा रोलर झिजून त्याची कड सुरीसारखी होते. यांना चुंबक काय करणार?

गोव्यातून एकाने विचारलं होतं की लोहखनिजाच्या बेल्टवर चुंबक लावला तर खनिजच उचलेल का. गोव्याचं खनिज मुख्यतः हेमेटाइट, आणि ते चुंबकाला फार कमी दाद देतं, त्यामुळे तिथे चुंबक चालतो. मॅग्नेटाइट असेल तिथे नाही.

७. बेल्टखाली आडवी वायर ताणून लिमिट स्विच लावला आहे. तेच काम होत नाही का?

अर्धं होतं. बेल्टमधून सळई खाली आली किंवा चिरलेली कड लोंबली तर ती वायर ओढते आणि बेल्ट थांबतो. स्वस्त आहे, फिटरला समजते, आणि लूपच्या जोडीला ठेवायला उत्तम. पण स्टील कॉर्ड बेल्ट चिरला तरी बरेचदा दोन्ही कडा आयडलरवर एकमेकींना टेकून बसतात, खाली काही लोंबत नाही, कोळसाही फारसा गळत नाही. वायरला काहीच कळत नाही. लूपला चीर उघडी असो की मिटलेली, फरक पडत नाही. तार कापली गेली एवढं पुरे.

८. कापडी बेल्टलाही लूप घालावेत का? आणि छोट्या बेल्टला?

ईपी (पॉलिएस्टर-नायलॉन कापडाच्या) किंवा नायलॉनच्या बेल्टमध्ये ताण्याबरोबर बाणाही असतो, त्यामुळे चीर इतक्या सहज धावत नाही. तरी लांब, वेगवान आणि एकच असलेल्या कापडी बेल्टला लूपचा विचार जरूर करावा. 'एकच' या शब्दावर माझा भर आहे: जोडीला दुसरी लाइन नसेल तर बेल्टची खरी किंमत त्याच्या बिलापेक्षा कितीतरी जास्त असते. ६० मीटरच्या फीडर किंवा शटल बेल्टला मात्र गरज नाही. तिथे पैसे च्यूटच्या दुरुस्तीवर आणि इम्पॅक्ट आयडलरवर घाला.

९. डिटेक्टर हेड एंडला (जिथे माल उतरतो त्या टोकाला) पॅनेलजवळ बसवला तर केबल वाचेल. चालेल?

चालणार नाही. चीर बहुतेक वेळा लोडिंग पॉइंटला पडते, म्हणून डिटेक्टर लोडिंगच्या लगेच पुढे हवा. १ किलोमीटरच्या बेल्टवर तो हेडला असेल तर कापलेला लूप तिथे पोहोचायला ४ मीटर वेगाने २५० सेकंद लागतील, आणि तोवर सळई मागे शांतपणे तो किलोमीटर चिरत असेल. केबलचे पैसे वाचवून कोणी एवढी चीर विकत घेऊ नये.

लोडिंग पॉइंट दोन असतील तर डिटेक्टरही दोन. परतीच्या बाजूला टेल पुलीपाशी (लोडिंगच्या टोकाच्या पुलीपाशी) दगड अडकण्याची सवय असलेल्या लाइनवर तिथेही एक ठेवावा.

१०. कारण नसताना ट्रिप येतो. बेल्ट बघितला तर धड. असं का?

खोट्या ट्रिपची कारणं थोडीच आहेत, आणि बहुतेकांचा संबंध लूपशी नसून बेल्टच्या चालण्याशी असतो.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे बेल्ट एका बाजूला सरकणं. लूपची टोकं ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या बरोबर वरून जायला हवीत. बेल्ट हातभर बाजूला गेला की ठोका अशक्त होतो किंवा येतच नाही. पॅनेलला वाटतं लूप तुटला, खरं तर बेल्ट तिरका चालला आहे. अशा वेळी रिप डिटेक्टरला (हाच चीर पकडणारा डिटेक्टर) शिव्या न देता ट्रॅकिंग, म्हणजे बेल्ट सरळ चालतो का, ते पाहावं. दुसरं कारण बेल्ट उचलला जाणं: पोटातून वर वळणाऱ्या भागात रिकामा बेल्ट आयडलर सोडून वर तरंगतो आणि अंतर वाढतं. डिटेक्टर अशा जागी बसवूच नये.

तिसरं, जॉइंट नव्याने मारल्यावर पॅनेलमधला लूपच्या अंतरांचा नकाशा न बदलणं. जॉइंट काढून पुन्हा मारला की बेल्ट आखूड होतो आणि लूपमधलं ते एक अंतर बदलतं. पॅनेल जुन्या अंतरावर ठोक्याची वाट पाहतं आणि बेल्ट थांबवतं. काम संपलं की बेल्ट रिकामा एक पूर्ण फेरा चालवून पॅनेलला लूपची अंतरं पुन्हा शिकवावीत. जॉइंटच्या वर्क परमिटवर ही ओळ छापूनच घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

उरली किरकोळ: फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर साचलेला चिखल, मोटरच्या ड्राइव्हची केबल सिग्नलच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेणं, शेजारी चाललेलं वेल्डिंग. आणि अर्थात खराच मेलेला लूप, त्याबद्दल प्रश्न १२.

११. ट्रिप फार येतात म्हणून ऑपरेटर बायपास करून ठेवतात. काय करावं?

मी ज्या वीज केंद्रात पूर्वी होतो तिथली गोष्ट सांगतो. पावसाळ्यात ओला कोळसा, च्यूट तुंबणं, बेल्ट तिरका चालणं आणि त्यातून रोजचे दोन-तीन ट्रिप. कोणीतरी रिप डिटेक्शन किल्ली फिरवून बायपास केलं, म्हणजे चीर दिसली तरी बेल्ट थांबू नये असं ठेवलं. शिफ्ट बदलली, दुसऱ्या शिफ्टला कोणी सांगितलं नाही. ती किल्ली नऊ दिवस तशीच राहिली. दहाव्या दिवशी डोझरच्या ब्लेडचा तुकडा आला आणि चारशे मीटरहून अधिक बेल्ट गेला. लूप सगळे धड होते, कापले गेले तेव्हा पॅनेलवर अलार्मही आला होता. त्या अलार्मला बेल्ट थांबवायचा अधिकार मात्र आम्हीच काढून घेतला होता. तो फाटलेला बेल्ट खाली उतरून पाहिलेला मी आजही विसरलेलो नाही.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे. बायपास किल्लीवर असावा, किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे असावी, आणि प्रत्येक वेळी लॉगबुकमध्ये नाव, वेळ आणि कारण लिहावं. शिफ्ट संपली की बायपास आपोआप संपला पाहिजे, पुढच्या शिफ्टला हवा असेल तर तिने आपल्या सहीने घ्यावा. बायपास असेपर्यंत लोडिंग पॉइंटला माणूस उभा हवा, हातात पुल कॉर्ड (ओढली की बेल्ट थांबवणारी दोरी) येईल अशा जागी. आणि मूळ कारण, जे बहुधा प्रश्न १० मध्ये सापडेल, त्याच आठवड्यात दूर करावं.

१२. एक लूप मेला आहे पण बेल्ट फाटलेला नाही. पॅनेलमधून काढून टाकू का?

तात्पुरतं काढता येतं, पण आधी चालू नसलेल्या, कुलूप लावलेल्या बेल्टवर ती जागा हाताने आणि डोळ्यांनी तपासा, वरून आणि खालून. पुलीवर वाकून वाकून तार थकते किंवा दगडाच्या माऱ्याने तुटते, हे होतंच. काढलेल्या लूपच्या जागी संरक्षणाचं अंतर दुप्पट होतं हे लक्षात ठेवा (हिशोब प्रश्न ४ मध्ये). शेजारचे दोन काढायची वेळ आली तर थांबा आणि नवा लूप घाला. रबराच्या आवरणात खाच करून तयार लूपची पट्टी बसवून पिकवता येते, त्यासाठी पूर्ण बेल्ट बदलावा लागत नाही.

१३. आरएफआयडी चिपवाले (रेडिओ लहरींनी आपली ओळख सांगणारे) लूप जास्त चांगले का?

त्यांचा एक खरा फायदा आहे: ते नाव सांगतात. साध्या लूपचा ठोका म्हणजे दारावरची नुसती थाप. चिपवाला लूप 'मी सदतीस नंबर' असं सांगतो. त्यामुळे कोणता लूप गेला, चीर कुठे आहे, कोणता जॉइंट आता कुठे आहे, हे पॅनेलवर लगेच कळतं, आणि जॉइंटनंतरच्या नकाशाचा घोळ खूप कमी होतो. या चिपलाही बॅटरी नसते, रीडरच्या लहरींवरच ती चालते.

अडचण पोलादाची. चिप स्टील कॉर्डच्या अगदी लगत असेल तर सिग्नल दबतो, म्हणून ती रबराच्या जाडीत नेमक्या खोलीवर बसवावी लागते, आणि आवरण पातळ असलेल्या बेल्टमध्ये हे अवघड जातं. छोट्या, एकाच जॉइंटच्या लाइनला मी साधे लूपच सुचवतो. लांब लाइनची गोष्ट वेगळी. मेघालयातून बांगलादेशातल्या छातक इथल्या सिमेंट कारखान्याला चुनखडी नेणारा कन्व्हेयर सुमारे १७ किलोमीटरचा आहे. जायची आणि यायची बाजू मिळून ३४ किलोमीटर बेल्ट होतो. एवढ्या बेल्टवर दर ५० मीटरला लूप धरला तर ६८० लूप होतील. तिथे निनावी ठोक्यांवरून चीर शोधायची म्हणजे दिवस जाईल.

१४. आतल्या पोलादी दोऱ्या गंजल्या किंवा तुटल्या तर लूप सांगेल का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. लूप फक्त उभी चीर ओळखतो. दोऱ्यांसाठी वेगळी तपासणी आहे, आणि तिच्यासाठी बेल्टमध्ये काही घालावं लागत नाही, कारण दोऱ्या स्वतःच पोलादाच्या आहेत. बेल्ट शक्तिशाली कायम चुंबकाजवळून नेतात, दोऱ्या चुंबकीय होतात. दोरी अखंड असेल तर चुंबकीय रेषा तिच्यातूनच जातात. तुटली असेल तर तुटक्या टोकांपाशी त्या बाहेर सांडतात, आणि पुढे रुंदीभर लावलेले सेन्सर ते पकडतात. त्या पट्ट्याचं चित्र संगणकावर उमटतं: इथे तुटकी दोरी, इथे गंज, इथे जॉइंट. आजारी माणसाचा ईसीजी वाचावा तसं ते चित्र वाचायला शिकावं लागतं.

आपल्याकडे याची गरज पावसाळ्याने वाढवली आहे. वरच्या आवरणाला जुलैत लहानसा काप जातो, कोणी लक्ष देत नाही. ओल्या कोळशाचं पाणी आत शिरतं. दोऱ्यांवर जस्ताचा मुलामा असतो, पण तो कायम पुरत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत आत गंज पसरलेला असतो आणि वरून बेल्ट ठीक दिसतो. म्हणून पावसाळा संपला की वरच्या कापांची दुरुस्ती आणि एक चुंबकीय तपासणी, एवढं तरी ठरवून करावं.

१५. जॉइंटवर लक्ष ठेवायला काही आत बसवता येतं का?

येतं. जॉइंटच्या दोन्ही टोकांना चुंबकीय खुणा रबरात बसवतात आणि त्यांच्यातलं अंतर प्रत्येक फेऱ्याला मोजतात. जॉइंट सुटायला लागला की तो आधी थोडा लांबतो. एका फेऱ्यातल्या आकड्याला अर्थ नाही, भार बदलला तरी तो हलतो. दिवसेंदिवस एकाच दिशेने वाढत असेल तर मात्र शटडाऊन मागा. चढावरच्या बेल्टचा जॉइंट भाराखाली सुटला तर पूर्ण बेल्ट मालासकट मागे घसरतो, आणि त्या वेळी टेल एंडला कोणी नसावं एवढीच प्रार्थना करता येते.

१६. बेल्ट फाटला तर नुकसान बेल्टचंच ना? माणसांना काय धोका?

२६ सप्टेंबर १९५० ला इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या क्रेसवेल कोळसा खाणीत जमिनीखाली आग लागली. ट्रान्सफर पॉइंटवर (एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल पडतो तिथे) फाटलेला रबरी बेल्ट च्यूटमध्ये अडकून साचला होता, घर्षणाने तो तापला आणि पेटला. धूर हवेबरोबर खाणीत शिरला. ८० माणसं गेली, बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने. त्यानंतर ब्रिटनच्या खाणींत भूमिगत बेल्ट अग्निरोधक करण्याला वेग आला. ही घटना मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कारण फाटलेला बेल्ट चालू राहणं हीच तिची सुरुवात होती.

भूमिगत खाणीत लूप वापरता येतात. पण बाहेरची पेटी, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ज्वलनशील वायूत वापरायला मान्य असावे लागतात, आणि आपल्याकडे ती मान्यता खाण सुरक्षा महासंचालनालयाची लागते. पृष्ठभागावरच्या प्लांटसाठी घेतलेला सेट खाली नेऊ नका.

१७. पाइप कन्व्हेयरला (ज्यात बेल्ट माल आत घेऊन नळीसारखा गोल वळतो) लूप चालतात का?

चालतात. बेल्ट गोल वळल्यावर दोन्ही कडा एकमेकींवर येतात आणि पाइप स्वतःभोवती थोडा फिरतोही, म्हणून तिथे वाचन नीट होत नाही. डिटेक्टर लोडिंगनंतर बेल्ट अजून सपाट आहे त्या पट्ट्यात आणि परतीच्या सपाट भागात बसवतात. तेवढी सपाट जागा डिझाइनमध्येच मागून घ्यावी.

१८. यंत्रणा खरंच चालते का, हे कसं तपासायचं? बेल्ट फाडून तर बघता येत नाही.

बेल्ट बंद, कुलूप आणि टॅग लावलेला असताना हातात धरायचा चाचणीचा लूप ट्रान्समीटर आणि रिसीव्हरवरून फिरवून ठोका येतो का पाहा. मग बेल्ट रिकामा चालवून पॅनेलवरून एक लूप 'हरवलेला' दाखवा, आणि मोटर खरंच बंद होते का, मागचा फीडर आणि मागचे बेल्ट क्रमाने थांबतात का, पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात, हे घड्याळ लावून लिहा. तो शेवटचा आकडा प्रश्न ४ च्या हिशोबात घाला. अनेकांच्या हिशोबात पाच सेकंद असतात आणि घड्याळात चौदा निघतात. चढावरचा भरलेला बेल्ट लवकर थांबतो, उतारावरचा उशिरा, म्हणून उतारावर ब्रेकची चाचणीही याच दिवशी घ्या. चालत्या बेल्टजवळ हात नेऊन कोणतीही चाचणी करायची नाही.

१९. चीर लूपच्या वाटेत आलीच नाही असं होऊ शकतं का?

होतं, तीन प्रकारे. लूप रुंदीभर असतो, पण अगदी कडेपर्यंत नसतो, त्यामुळे कडेची चार बोटं फाटली तर त्याला कळत नाही. त्यासाठी बेल्ट सरकण्याचा स्विच आणि कडेची नियमित पाहणी हाच उपाय. दुसरं, दोन लूपच्या मधे सुरू होऊन मधेच संपलेली चीर: सळई आपोआप निसटली तर वीस-तीस मीटरची चीर तशीच राहते आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे धावते. तिसरं, आरपार न गेलेला काप. तो वरच्या आवरणात असेल आणि लूप खालच्या आवरणात, तर तार शाबूत राहते. या तिघांमुळेच लूप असलेल्या बेल्टचीही शटडाऊनमधली पायी पाहणी बंद करता येत नाही.

२०. फाटलेला भाग काढून स्टोअरमधला जुना तुकडा घातला. त्यात लूप नाहीत. चालवू का?

वीज केंद्राला कोळसा हवा असतो आणि स्टोअरमध्ये जे आहे तेच घालावं लागतं, हे मला माहीत आहे, म्हणून 'नाही' असं सरळ उत्तर देत नाही. तुकडा ६० मीटरपर्यंतचा असेल तर पॅनेलला नवा नकाशा शिकवून चालवता येईल. त्या टप्प्यात जास्तीत जास्त किती चीर जाऊ शकते हे काढून शिफ्टच्या फलकावर लिहा. तुकडा त्याहून लांब असेल तर पुढच्या शटडाऊनला त्यात लूपच्या पट्ट्या बसवायचं काम आजच नोंदवा (पद्धत प्रश्न १२ मध्ये). आणि बेल्टच्या दोन्ही कडांना रंगाने खूण करा, पिवळी असेल तर उत्तम, म्हणजे रात्रीच्या पाळीतल्या माणसालाही टॉर्चच्या उजेडात कळेल की आता चाललाय तो बिनलूपचा भाग.